सुकटीतला जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं की क्रिल? वर्गीकरण आणि शरीररचना कशी लिहायची?

तुमचा प्रश्न असा आहे: गंगेवरच्या (नाशिकच्या गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारातून आणलेली सुकट बीएस्सीच्या प्रकल्पाला घेतली आहे, एक मित्र तिला कोळंबीची पिल्लं म्हणतो, दुसरा क्रिल म्हणतो, आणि तुम्हाला चालायच्या पायांच्या पाचऐवजी तीनच जोड्या सापडतात. मित्र दोघंही चुकतात. तुमची मोजणी बरोबर आहे, पण सुक्या मालावर ती कोणी मान्य करणार नाही. त्याचं पुढे सांगतो.

सुकट हे वाळवलेल्या मालाचं नाव, प्राणी म्हणजे जवळा. आपल्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात ढिगाने येणारा जवळा मुख्यतः अ‍ॅसिटीस इंडिकस. पूर्ण वाढीचा असूनही दीड ते चार सेंटिमीटरच, मादी नरापेक्षा मोठी. संघ आर्थ्रोपोडा, उपसंघ क्रस्टेशिया, वर्ग मॅलॅकोस्ट्राका, गण डेकापोडा, उपगण डेंड्रोब्रँकिएटा, कुल सर्जेस्टिडी. जुन्या पुस्तकांत उपगण 'नॅटँशिया' दिलेला आढळेल. ती मांडणी आता वापरत नाहीत. नावापुढे एच. मिल्न एडवर्ड्स, १८३० असं कंसाशिवाय लिहा. जाती (स्पीशीज) मूळ प्रजातीतून (जीनसमधून) दुसरीकडे हलवली असती तर कंस लागला असता, इथे ती जिथे ठेवली तिथेच आहे. हाताने लिहिताना प्रजाती आणि जाती वेगवेगळ्या अधोरेखित करा.

डेकापोडा म्हणजे दशपाद, आणि हा गडी सहा पायांवर भागवतो. चौथी आणि पाचवी जोडी या प्रजातीत नाहीच. उरलेल्या तिन्ही जोड्यांच्या टोकाला बारीक चिमटे असतात, भिंगाशिवाय दिसत नाहीत. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक: जबडापायांची, म्हणजे तोंडाजवळच्या खाण्याच्या पायांची, तिसरी जोडी लांब असते आणि थेट पायासारखी दिसते, म्हणून मोजणी चारवर जाते. टोकाला चिमटा नसेल तर ती जोडी चालपायांत धरू नका. दुसरी, नराच्या तिसऱ्या चालपायामागे उंचवट्यांची एक जोडी असते. ती जननांगाशी संबंधित आहे, तुटलेल्या पायाचा खुंट नाही.

सगळे अवयव जोड्यांनी मांडले तर डोक्यावर ५ (दोन स्पर्शिकांच्या, तीन जबड्यांच्या), जबडापाय ३, चालपाय ३, पोहण्याचे पाय ५ आणि शेपटीच्या पंख्याची १, म्हणजे १७. कोळंबीत त्या १९ भरतात. पिल्लांचा मुद्दा इथेच निकालात निघतो: पेनिइड (नेहमीच्या समुद्री) कोळंबीच्या एवढ्याच लांबीच्या पिल्लाला चालपायांच्या पाचही जोड्या असतात. शिवाय जवळ्याच्या नरात पहिल्या पोहपायावर पेटाझ्मा हा वीर्यकोष पोहोचवणारा अवयव तयार झालेला असतो, तो पिल्लात कुठून येणार?

क्रिल हा वेगळाच गण, युफॉसिएसिया. त्याचे कल्ले पृष्ठवर्माखाली (डोकं-छातीवरच्या कवचाखाली) झाकलेले नसतात, झुपक्यांसारखे बाहेर दिसतात, आणि छातीच्या एकाही जोडीचे जबडापाय झालेले नसतात. जवळ्याचे कल्ले पृष्ठवर्माच्या आत असतात. हा भाग इथेच सोडा, परीक्षक यावर फार रेंगाळत नाहीत.

उपगण डेंड्रोब्रँकिएटाच आहे हे सिद्ध करायचं असेल तर तुलनेसाठी बाजारातून गोड्या पाण्यातले झिंगे आणा. झिंग्यात पोटाच्या दुसऱ्या खंडाची बाजूची पट्टी पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही खंडांवर चढलेली असते. जवळ्यात ती पहिल्यावर चढत नाही, कौलांसारखी एकाखाली एक जाते. झिंग्याच्या तिसऱ्या पायाला चिमटा नसतो, जवळ्याला असतो. झिंग्याची मादी अंडी पोटाखाली धरून ठेवते, जवळ्याची मादी ती सरळ पाण्यात सोडते.

आता सुक्या मालाची अडचण. वाळलेले पाय हात लावताच मोडतात, त्यामुळे 'पाय नाहीत' हे म्हणणं लंगडं पडतं. पाय तुटला तर बुडाशी सांध्याची खाच किंवा खुंट उरतो. मुळातच नसेल तर तिथलं कवच सलग दिसतं. ती जागा खालून दाखवा, आणि एकावर नाही, निदान २० नमुन्यांवर.

भिजवण्यासाठी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून नमुने सात-आठ तास ठेवा. उकळतं पाणी नको, सांधे सुटतात. रेती खाली बसली की सपाट ब्रशने उचला, चिमट्याने धरलं की स्पर्शिका गेल्याच. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका: ९५ टक्क्यांचं ७० मिलि आणि पाणी २५ मिलि. कडा पारदर्शक असल्यामुळे काही दिसत नसेल तर मेथिलीन ब्लूच्या अगदी फिक्या द्रावणात दोन मिनिटं बुडवून धुवा. स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब घ्या आणि नमुना पाठीवर झोपवा.

जातीसाठी मी आधी टेल्सनचं (शेपटीच्या पंख्यातल्या मधल्या तुकड्याचं) टोक बघायला सांगेन, इंडिकसमध्ये ते त्रिकोणी असतं. मादीत छातीच्या तिसऱ्या खंडाच्या खालच्या बाजूला लांबट खोल खाच असते. टोक झिजलेलं असेल आणि नमुना नराचा असेल तर फक्त प्रजातीपर्यंत लिहा, अंदाजाने 'इंडिकस' ठोकू नका.

बाजारातल्या पुडीत भेसळ असतेच. डोक्याच्या कवचाची लांब, दातेरी चोच पुढे आलेली दिसली तर तो बहुधा नेमॅटोपॅलिमॉन, झिंग्यांच्या गटातला. जवळ्याची चोच अगदी आखूड असते. असे नमुने फेकू नका, वेगळ्या बाटलीत ठेवा, तुलनेला फुकटचे मिळाले. बाटलीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलने लिहा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि महिन्याने कोणती बाटली कशाची ते कळत नाही.