आधी स्वतः त्यातून खा

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगू, आधी जरा रागच आला. क्रॅकलवाल्या, म्हणजे बारीक तड्यांच्या नक्षीवाल्या, मातीच्या बाऊलला लाइक पडतात, साध्या वाडग्याला कोण विचारत नाही, मग काय करू म्हणतोस. माझं एकच आहे बाबा, आधी स्वतः त्यातून खा. महिनाभर. मग विकायचं बघ.

ते क्रॅकल म्हणजे काय, तर भट्टी थंड होताना ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, खालच्या मातीपेक्षा जास्त आकसतं, ताण बसतो आणि बारीक तडे जातात. फुलदाणीला शोभतं की, कोण नाही म्हणतंय. पण कोल्हापुरात वाडगा विकणार तर त्यात तांबडा रस्सा पडणारच, आणि तो तवंग एकदा तड्यात उतरला की घासून घासून हात दुखले तरी लाल रेघा जात नाहीत. कुंभार गल्लीतली पणती हजार डिग्रीच्या आत भाजलेली, ती पाणी पिणारच, तुझं स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजून घट्ट होणारी माती, 1200 च्या वर जातंय, त्याला ती सूट नाही. आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही रे, गपचूप वाडगा माळ्यावर टाकतं आणि परत स्टीलची वाटी काढतं. म्हणून म्हणतो, स्वतः खा आधी! लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेव, सकाळी तिथला रंग फिका पडला तर ते जेवणाच्या भांड्याला चालणार नाही. टिकला म्हणून लगेच खूश होऊ नकोस, ग्लेझमधलं शिसं लॅबमध्येच कळतं.

मापाचंही तेच. तुझी माती वाळून-भाजून 12 टक्के आकसते ना, मग 13 सेंमीचा वाडगा पाहिजे तर चाकावर पावणेपंधरा धर. काठ ओठाला कसा लागतो ते रस्सा पिऊन बघ, फोटोत नाही कळत.

मी एका हॉटेलवाल्याची मोठी ऑर्डर याच पायी सोडली. त्याला पातळ, स्वस्त आणि लगेच पाहिजे होतं. घरात बरेच दिवस कोण नीट बोलत नव्हतं, त्या पैशात नवी भट्टी आली असती ही हळहळ अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण काठाचे टवके उडाले असते आणि शिव्या माझ्या नावानं. म्हातारा स्वतःलाच समजावतोय म्हणशील. असेल. तरी तुला तेच सांगणार.

भाडं थांबत नाही, कळतंय मला. मग कुंड्या कर, शोपीस कर, त्यावर ओत पाहिजे तेवढं क्रॅकल. जेवणाच्या भांड्यासाठी मात्र ग्लेझमध्ये सिलिका, म्हणजे काच बनते ती वाळूची पूड, थोडी थोडी वाढवत टेस्ट टाइल, म्हणजे चाचणीचे छोटे तुकडे, काढत बस, तडे थांबेपर्यंत. आणि भट्टी 100 च्या खाली आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, तुझी घाई मला माहितीये.