पोळीभाजी खाऊन प्रोटीन पुरतं का?

प्रश्न: ताई, माझं वय 29, वजन 55 किलो. घरी अंडंही चालत नाही. सारखा थकवा असतो, हातापायाला मुंग्या येतात. जिममधले म्हणतात प्रोटीन कमी पडतंय, पावडर चालू कर. घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: अगं, पावडरचं नंतर बघू, आधी त्या मुंग्यांचं बघ. थकवा आणि मुंग्या एकत्र असतील तर मला पहिली शंका व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह कमी असल्याची येते, आणि ते डाळीत नाही, पालेभाजीत नाही, स्पिरुलिनाच्या (एक प्रकारच्या शेवाळाच्या) गोळ्यांवरही भरवसा ठेवू नकोस, शाकाहारात ते मुख्यतः दूध-दही-ताक-पनीरमधून येतं आणि आपल्याकडे बऱ्याच जणी दूध म्हणजे चहातलं तेवढंच घेतात. डॉक्टरांकडे जाऊन बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड तपासून घे, मनाने गोळ्या सुरू करू नकोस, बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं, आणि फार उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही. म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

आता प्रोटीन. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने किलोमागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे तुला 46 ग्रॅमच्या आसपास. हे घरच्या जेवणातून होतं, पण वरण कसं करता त्यावर आहे सगळं! पळीवाढं पातळ वरण असेल तर वाटीत डाळ कितीशी येणार? माणशी 30 ग्रॅम कोरडी डाळ मोजून घे, त्यातून 7 ग्रॅम मिळतं. मटकीची घट्ट उसळ 9, मूठभर शेंगदाणे 7, पेलाभर दूध 6, वाटीभर दही 5, दोन पोळ्या आणि एक भाकरी मिळून 11. झालं की! पोळी आणि डाळ प्रोटीनमधली एकमेकांची उणीव भरून काढतात, एकाच ताटात हव्यात असंही नाही, दिवसभरात पोटात गेल्या की पुरे. जिममध्ये जड व्यायाम असेल तर थोडं जास्त लागेल, तेव्हा सोयाबीन किंवा पनीर वाढव, तरी कमी पडलं तर पावडर घेतलीस तरी हरकत नाही.

लोहासाठी उसळीवर लिंबू पिळ, अधूनमधून हळीवाचा लाडू खा, आणि जेवल्या जेवल्या चहा नको, तासभर जाऊ दे. रिपोर्ट आले की कळव.