उत्तर तपासता येतं, तिथे एआय धावतं

प्रश्न : मी सांगलीत संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या असाइनमेंट एआय मिनिटभरात लिहून देतं. मग कोडिंग शिकण्यात आणखी दोन वर्षं घालवू का? घरचे म्हणतात, बँकेच्या परीक्षांना लाग.

उत्तर : शाखा सोडू नकोस. आधी एका वर्षात नक्की काय पुढे गेलं ते बघ. जुलै २०२४मध्ये गूगल डीपमाइंडच्या एआयने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांत ४२पैकी २८ गुण मिळवले. सुवर्ण एका गुणाने हुकलं. पण ते प्रश्न माणसांनी आधी ‘लीन’ या, संगणकाला तपासता येणाऱ्या औपचारिक भाषेत उतरवून दिले होते आणि काही सोडवायला तीन दिवसांपर्यंत लागले. जुलै २०२५मध्ये त्यांच्याच जेमिनी या मॉडेलने साध्या भाषेतले प्रश्न घेऊन, स्पर्धेच्याच वेळेत ३५ गुण मिळवले. ही सुवर्णपदकाची पातळी. सहावा प्रश्न मात्र सुटला नाही.

मधे, जानेवारी २०२५मध्ये, डीपसीक या चिनी कंपनीने आपलं आर१ हे मॉडेल कसं घडवलं ते जाहीर केलं. तिथे आर१-झीरो या आधीच्या मॉडेलला शिकवताना उत्तर बरोबर की चूक हे नियमाने तपासून गुण दिले जात. त्यांच्या अहवालानुसार, एआयएमई २०२४ या अमेरिकी गणित परीक्षेतली त्याची अचूकता १५.६ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेली. या परीक्षेचं प्रत्येक उत्तर ० ते ९९९मधला पूर्णांक असतो, म्हणून तपासणं सोपं.

तुझी असाइनमेंट एआयला जमते ती याच कारणाने : इनपुट-आउटपुट आधीच ठरलेलं असतं. ग्राहकाला काय हवंय हेच जिथे धूसर, तिथे ‘बरोबर’ कशाला म्हणायचं हे माणसालाच ठरवावं लागतं. ते ठरवायला आणि तपासायला शिक. कोडिंग त्यासाठीच हवं.

या सेमिस्टरमध्ये एक काम कर. मराठी मोजमापांचे २०० प्रश्न स्वतः लिही : पावणेदोनशे रुपयांतून सव्वाशे गेले तर किती उरले? अडीच डझन म्हणजे किती नग? पावणेतीन तासांची मिनिटं किती? प्रत्येकापुढे उत्तर आणि ते कसं काढलं ते लिही. त्यातले ५० बाजूला ठेव आणि शेवटपर्यंत उघडू नकोस. उरलेल्या १५० वर ओलामामधून (आपल्याच लॅपटॉपवर मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर) गूगलच्या जेम्मा ३चं ४ अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे लहान, मॉडेल चालव. फाइल साडेतीन जीबीच्या आत असते, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालते, जरा हळू. उत्तरं पायथनने तपास, प्रत्येक प्रश्न तीनदा विचार, कारण तेच मॉडेल त्याच प्रश्नाला वेगळं उत्तर देऊ शकतं.

इथे चुका तुझ्या तपासणाऱ्या प्रोग्रामच्याही निघतील. मॉडेलने इंग्रजी अंकांत १७५ लिहिलं आणि तुझ्या यादीत ते देवनागरीत असेल, तर साधी मजकूर-तुलना बरोबर उत्तरालाही चूक म्हणते. ‘रु. ५०’ आणि ‘५० रुपये’ यांचंही तेच. म्हणून तुलनेआधी दोन्हीकडचे अंक एका लिपीत आणून फक्त संख्या काढ. चुकलेली पहिली ३० उत्तरं मात्र डोळ्यांनीच वाच. दुसरी अडचण : तेच प्रश्न बघून प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला द्यायची सूचना, सुधारत राहिलीस की टक्केवारी फुगते. बाजूला ठेवलेले ५० त्यासाठीच, आणि ते एकदाच वापरायचे.

सगळं गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दाखवता येतो त्या साइटवर, टाक. किती टक्के आले यापेक्षा चुकांचे प्रकार आणि त्यांची उदाहरणं ठळक दे. इंटर्नशिपच्या मुलाखतीत त्यावरच बोलता येईल.

घरच्यांना सांग, बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेला पदवी लागतेच. ती दारं पदवीनंतरही उघडी आहेत.