तेल विकणाऱ्या देशाने आयात खुली केली तर महागाई कमी होते का?

प्रश्न: नायजेरिया एवढं तेल विकतो, म्हणजे डॉलर तर येतातच. मग आयातीवरची बंधनं काढली की माल स्वस्त व्हायला पाहिजे ना? पण 2024 मध्ये सरकारने धान्यावरची ड्युटी माफ केली तरी तिथे तांदूळ महागच राहिला असं वाचलं. हे कसं काय?
– एक वाचक

उत्तर: तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे, कारण अशा देशात ड्युटीपेक्षा चलनाचा भाव जास्त बोलतो. तेलाचे डॉलर भरपूर येतात तेव्हा नायरा, म्हणजे नायजेरियाचं चलन, वधारतो, बाहेरचा माल आपोआप स्वस्त पडतो आणि तिथला शेतकरी, गिरणीवाला मागे पडतो. याला डच डिसीज म्हणतात. मग सरकार त्यांना वाचवायला बंदी घालतं, ड्युटी वाढवतं, आणि तेल पडलं की डॉलरच नसतात म्हणून अजून बंधनं येतात. 2014 च्या मध्यापासून तेल घसरलं आणि 2015 मध्ये तिथल्या सेंट्रल बँकेने 41 प्रकारच्या मालासाठी अधिकृत बाजारातून डॉलर द्यायचंच बंद केलं, त्यात तांदूळही होता, आणि ही बंदी उठायला ऑक्टोबर 2023 उजाडला.

आता तांदळाचंच बघा. शेजारच्या बेनिनमध्ये लोक जास्त करून पांढरा तांदूळ खातात, तरी कोटोनूच्या बंदरात थायलंड आणि भारतातून उकडा तांदूळ ढिगाने उतरायचा, कारण तो रातोरात सीमा ओलांडून नायजेरियात जायचा. आणि तिकडून उलट दिशेने नायजेरियाचं सबसिडीवालं स्वस्त पेट्रोल बेनिनमध्ये यायचं, ते रस्त्याच्या कडेला काचेच्या मोठ्या बाटल्यांतून विकतात, त्याला क्पायो म्हणतात. एका बाजूला बंदी, दुसऱ्या बाजूला सबसिडी, मधे तस्करांची चांदी, आणि नायजेरियाच्या सरकारला कस्टमचा एक पैसा नाही. जुलै 2019 मध्ये नायजेरियाने आफ्रिकेच्या मुक्त व्यापार करारावर सही केली आणि पुढच्याच महिन्यात जमिनीवरच्या सीमा मालासाठी बंद करून टाकल्या, त्या डिसेंबर 2020 पर्यंत उघडल्या नाहीत. उत्तर नायजेरियातल्या केब्बीसारख्या भागातल्या भातशेतकऱ्यांना दिलासा मिळाला हे खरं, पण शहरातल्या गरीब माणसाचं ताट महाग झालं, आणि मला तरी हा सौदा फार वाईट वाटतो.

म्हणून बंधनं सैल करणं योग्यच होतं, असं माझं मत आहे, फक्त वेळ चुकली. 2023 च्या मध्यात पेट्रोलची सबसिडी गेली, नायरा बाजारावर सोडला आणि डॉलर साधारण 460 नायरांवरून पुढच्या वर्षी 1500 च्याही वर गेला. जुलै 2024 मध्ये मका, गहू, ब्राऊन राइस, चवळी यांवर 150 दिवस ड्युटी माफ करायचं जाहीर झालं, पण कस्टमची नियमावली निघेपर्यंत ऑगस्ट आला, आणि ड्युटी शून्य झाली तरी डॉलर तिपटीहून महाग, मग पोतं स्वस्त कुठून होणार?

प्रश्न: म्हणजे सीमा उघडली की तिथले कारखाने मरणारच?
– त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न

उत्तर: नाही, ते आधीच मरत होते. उत्तर नायजेरियातल्या कडुना शहरातली 1957 ला सुरू झालेली कापडगिरणी 2002 मध्ये बंद पडली, तेव्हा कापडावर बंधनं नव्हती असं मुळीच नाही, पण चोरून आलेलं कापड बाजारात होतंच आणि वीज सारखी जायची, डिझेलच्या जनरेटरवर माग चालवून कोण किती दिवस टिकणार? उलट पडलेल्या नायऱ्यामुळे आता तिथला माल बाहेर स्वस्त पडतो, तीळ आणि कोको विकणाऱ्यांना त्याचा फायदाही होतोय. गिरण्यांना मात्र तो घ्यायचा तर बंदीपेक्षा आधी वीज हवी, आणि सुटे भाग, रंग, कच्चा माल यांवरची ड्युटी सगळ्यात आधी जायला हवी, कारण हे सगळं बाहेरूनच येतं.