चिंबोरीवरही पीएचडी, धवल्यांवरही

प्रश्न : आम्ही नवी मुंबईतल्या घणसोली गावातले आगरी. मुलगी समाजशास्त्रात ५८ टक्के मिळवून एम.ए. झाली. आता पीएचडी करायची म्हणते, तीही आपल्या लग्नातल्या धवल्यांवर, म्हणजे विधींच्या गाण्यांवर! तिने विद्यापीठातल्या प्रबंधांची यादी दाखवली. एक खाडीतल्या चिंबोऱ्यांवर (खेकड्यांवर), एक बचतगटांच्या कर्जावर, एक पाली ग्रंथावर. हे सगळे सारखेच डॉक्टर का? यातल्या कशाला स्कोप आहे ते सांगा, तिला तिकडे वळवतो. तिची आजी धवले गाणारी धवलारीण आहे. घरातलंच गाणं शिकायला विद्यापीठ कशाला? आणि त्यात लग्नाचं वय निघून गेलं तर? – एक वडील

उत्तर : दादा, पदवी सगळ्यांची सारखीच. २०१६च्या कायद्याने आपल्या विद्यापीठांत विज्ञान-तंत्रज्ञान, वाणिज्य-व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अशा चार विद्याशाखा आहेत. कुठूनही बाहेर पडा, नावाआधी ‘डॉ.’च लागतं. मधली वर्षं मात्र प्रत्येकाची निराळी जातात.

चिंबोरीचंच घ्या, तुम्हाला हसू आलेलं दिसतंय. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं खाडीत गेलं. त्यातलं शिसं, कॅडमियम चिंबोरीच्या मांसात किती उतरतं, हा प्रश्न तुमच्या-माझ्या ताटाचा आहे. तो सोडवणारी मुलं कोळ्यांसारखी तिथी बघून कामाला निघतात. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीचा भांग (कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) हे त्यांचं वेळापत्रक. ओहोटी पहाटे असली तर पहाटे चिखलात उतरायचं, नमुने बर्फात घालून प्रयोगशाळा गाठायची आणि यंत्र मोकळं व्हायची वाट बघत बसायचं. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगावर पीएचडी करणाऱ्यांना तर पेशींसाठी रविवारीही जावं लागतं. नवीन पनवेलला भूचुंबकत्व संस्थेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास चालतो. हे सगळं तुमच्यापासून तासाभराच्या आत आहे. तरी समाजशास्त्र शिकलेल्या मुलीला यातल्या कशाकडेही ‘वळवता’ येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. यादीतून पीएचडीचा विषय निवडलेली मुलं बहुतेक तिसऱ्या वर्षी कंटाळतात.

आता धवले. आजीकडून शिकायचं ते गाणं. विद्यापीठात त्याच गाण्याला प्रश्न विचारायचा असतो आणि विभाग बदलला की प्रश्नही बदलतो. मराठी विभाग भाषा बघेल : आगरी बोलीतले कुठले शब्द फक्त धवल्यांतच उरलेत? कलिन्याची लोककला अकादमी गाण्याची चाल, सादरीकरण, शिकवण्याची परंपरा बघेल. समाजशास्त्र माणसांकडे बघेल. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली, शेती गेली, मिठागरं गेली, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, लग्न मांडवातून हॉलमध्ये गेलं. धवलारीण गायची आणि तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकायचे. आता हॉलची वेळ संपत आल्यावर तिला आवरतं घ्यायला कोण सांगतं? तिचा मान कोणाकडे गेला, भटजीकडे की डीजेकडे? मला विचाराल तर प्रबंध इथे आहे. नुसतं ‘आगरी धवल्यांचा अभ्यास’ हे शीर्षक मात्र मी पहिल्या भेटीतच खोडायला लावीन. फार पसरट आहे.

आणि लग्न हा हलका विषय आहे, असं कुणी म्हणालं तर एवढं सांगा. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९चा, देशातला पहिला. तिथे डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या लग्न आणि कुटुंबपद्धतीवर एम.ए.चा प्रबंध लिहिला आणि १९४२ साली त्याचं पुस्तक झालं. पुढे श्रीनिवास देशातले अव्वल समाजशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले.

विषयाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, गाईड महत्त्वाचा. नियमाने प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६ आणि सहायकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात, त्यामुळे जागा मोजक्याच. लेकीला ‘शोधगंगा’वर बसवा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. लोकगीतं, लग्नविधी, प्रकल्पग्रस्त गावं यांवरचे दोन-तीन तरी तिने अथपासून इतिपर्यंत वाचावेत आणि मार्गदर्शक कोण हे टिपून घ्यावं. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एकच विचारायचं : सर किंवा मॅडम प्रकरण वाचून परत किती दिवसांत देतात?

पैशांचं बोलू. पात्रतेला पदव्युत्तर ५५ टक्के लागतात, ते तिचे आहेत. यूजीसी-नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्यात जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये. ओबीसी असाल आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला असेल तर राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेची फेलोशिपही बघा. पण फेलोशिपचे पैसे दरमहा वेळेवर येतीलच असं धरून घरखर्च मांडू नका. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडीही करता येते, मालकाचं ना-हरकत पत्र लागतं.

स्कोपबद्दल स्पष्टच सांगतो. जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) ही किमान अट आहे, पीएचडी तिथे सक्तीची नाही. ती पुढच्या पायऱ्यांवर लागते. कायमच्या जागा कमी निघतात आणि अनेक डॉक्टर सीएचबीवर तासांप्रमाणे शिकवतात. म्हणून नेट आधी, पीएचडी बरोबरीने.

पत्राच्या शेवटी लग्नाच्या वयाचं लिहिलंय. पीएचडीला किमान ३, कमाल ६ वर्षं. मुलींना मुदतीत आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते आणि बाळंतपण, बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही. स्थळ बघताना हे समोरच्यांना आधीच सांगा, एवढंच.

प्रवेश मिळेपर्यंत तिला रिकामं बसवू नका. आजीची परवानगी घेऊन मोबाइलवर धवले रेकॉर्ड करू द्या. कुठला धवला कुठल्या विधीला, तो कुणाकडून आला आणि शेवटचा कुणाच्या लग्नात म्हटला, हे प्रत्येकाखाली लिहून ठेवावं. जेआरएफ न मिळता फक्त पीएचडीसाठी पात्र ठरली, तर प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के वजन असतं आणि मुलाखतीला ३०. नुसत्या इच्छेवर आलेल्या मुलांच्या रांगेत अशी भरलेली वही घेऊन गेलेली मुलगी पॅनेलच्या लक्षात राहते.