मेटल आणि सायट्रान्स एकाच हेडफोनवर, बजेट पाच हजार

तू लिहिलंयस की हॉस्टेलवर राहतोस, रोज चारेक तास ऐकतोस, त्यात अर्धा वेळ डेथ आणि थ्रॅश मेटल (वेगवान, जड गिटार-ड्रमचं संगीत), अर्धा वेळ सायट्रान्स आणि डबस्टेप (इलेक्ट्रॉनिक संगीत). खिशात ५ हजार आहेत आणि दुकानदार म्हणतोय की इलेक्ट्रॉनिक ऐकायचं तर 'एक्स्ट्रा बास'वालाच घे. तो घेऊ नकोस.

मी पहिल्या पगारातून नेमका तसलाच घेतला होता. दुकानात त्यांनी एक ट्रान्स ट्रॅक लावून दिला, डोकं हादरलं, मी पैसे मोजले. रात्री खोलीवर येऊन मेटल लावलं तर गिटार कुणीतरी गोधडीखाली बसून वाजवतंय असं वाटलं. डबल बास ड्रमचे, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या जाड ड्रमचे, ठोके सुटे यायच्या ऐवजी नुसती घरघर. पुढचे दोन महिने मी रेकॉर्डिंगला दोष देत होतो.

गफलत कुठे होते ते सांगतो. आपण 'बास' म्हणतो ती एक गोष्ट नाही. बास गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर (सेकंदाला ४१ कंपनं; आकडा जितका लहान तितका सूर खोल) असते, पाच तारांच्या बासची ३१ वर. डबस्टेपचा पोटात जाणारा सूर साधारण ३० ते ६० मध्ये. साध्या ट्यूनिंगमधल्या गिटारची जाड तार ८२ हर्ट्झवर, आणि पाम म्यूट केलेल्या, म्हणजे तळहाताने तार दाबून वाजवलेल्या, रिफचं (गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याचं) सगळं वजन १०० ते ३०० च्या पट्ट्यात. स्वस्तातले 'एक्स्ट्रा बास'वाले हेडफोन बहुतेक वेळा नेमका हाच १०० ते ३०० चा पट्टा फुगवतात, कारण तो दुकानाच्या गोंगाटातही लगेच जाणवतो. मग तो फुगवटा रिफवर बसतो, आणि ३५-४० हर्ट्झचा खरा खोल सूर तर त्यात नसतोच. म्हणजे मेटलही गेलं आणि डबस्टेपही.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि इथे तुझ्या दोन आवडी वाटतात तेवढ्या लांबच्या नाहीत. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० बीट्स) डबल बासचे सोळांश, म्हणजे एका बीटमध्ये चार, ठोके पडतात तेव्हा दोन ठोक्यांमध्ये फक्त ७५ मिलिसेकंद असतात. गोव्याच्या किनाऱ्यावरून जगभर गेलेल्या त्या ट्रान्सच्या घराण्यातला सायट्रान्स घे: १४५ बीपीएम, एक किक (जाड ड्रमचा ठोका) आणि तिच्यामागे बासचे तीन सोळांश, प्रत्येकामध्ये सुमारे १०३ मिलिसेकंद. दोन्हीकडे मागणी एकच, पहिला ठोका विरल्याशिवाय दुसरा त्याच्यावर चढता कामा नये. मधला बास फुगलेला असला की शेपट्या एकमेकींत अडकतात. म्हणून तुला हवा तो खोलवर जाणारा पण सपाट बास. बासची खोली कमी वाटली तर ती इक्वलायझरने (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणारं ॲप) वाढवता येते. हा गिचमिड आवाजाचा चिखल मात्र इक्वलायझरने पूर्ण निघत नाही.

वरच्या टोकाकडेही लक्ष दे. गिटार अँपचे १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतात, त्यापुढे मुख्यतः झांजांचं राज्य. ज्या हेडफोनचा आवाज ६ ते १० किलोहर्ट्झमध्ये टोकदार आहे, त्यावर ब्लास्ट बीट (मेटलमधला ड्रमचा अतिवेगवान मारा) अर्ध्या तासात कान सोलतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओत वापरला जाणारा उत्तम हेडफोन आहे, पण वरच्या बाजूला तिखट आहे. चार तास मेटलसाठी मी तो सुचवणार नाही.

खोक्यावरचं '५० मिमी ड्रायव्हर' (आतला छोटा स्पीकर) आणि '२० ते २०,००० हर्ट्झ' सोडून दे. किती डेसिबलच्या फरकात, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आता घ्यायचं काय. माझं स्पष्ट मत: या पैशात कानाच्या आत बसणारे वायरवाले इयरफोन घे, ज्यांना आयईएम म्हणतात. मूनड्रॉप चू २ तुझ्या बजेटच्या निम्म्याहून कमीत येतो आणि त्याचा तोल बघता मला त्या किमतीत दुसरं काही नको वाटतं. केबल वेगळी होते, म्हणजे तुटली तर नवी लावता येते. रबरी टिपा मात्र तिन्ही मापांच्या लावून बघ. कानात नीट बंद बसली नाही तर खोल बास गळून जातो आणि माणूस उगाच इयरफोनला नावं ठेवतो. खोलीतल्या मित्रांना त्रास नाही, त्यांच्या गप्पाही तुला कमी ऐकू येतील.

कानात काही घालणं सहन होत नसेल तर दोन-तीन महिने थांब, पैसे साठव आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स घे. बंद पाठीचा (कपाची बाहेरची बाजू बंद, आवाज फारसा बाहेर जात नाही), ३५ ओहम म्हणजे विजेला अडथळा कमी, म्हणून फोनवर आरामात चालतो. त्याचा धाकटा भाऊ एम२०एक्स तुझ्या बजेटच्या जवळ आहे, पण त्याची केबल कायमची जोडलेली आणि ३ मीटर लांब, आणि खाली तो एम४०एक्सइतका उतरत नाही. उघड्या पाठीचे हेडफोन हॉस्टेलमध्ये नकोच, अख्खी खोली तुझं डेथ मेटल ऐकेल. ब्लूटूथही या बजेटमध्ये नको: बॅटरी, चिप, माइक यात पैसे जातात आणि आवाजाला थोडेच उरतात.

चष्मा असेल तर हेही लक्षात घे. दांडीमुळे हेडफोनच्या कानावरच्या गादीखाली फट राहते आणि बंद पाठीच्या हेडफोनचा खोल बास त्या फटीतून निसटतो. आणि कृत्रिम चामड्याच्या गाद्या आपल्या दमट पावसाळ्यात सोलवटतात. नव्या घेताना त्याच मॉडेलसाठीच्या घे, जाडी आणि कापड बदललं की आवाजही बदलतो.

डबस्टेपसाठी जास्त खोली हवी वाटली तर इक्वलायझर म्हणून अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ वापर. ६० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल वाढव आणि तेवढाच एकूण आवाज कमी कर, नाहीतर सिग्नल फाटतो. मेटल लावताना ते बंद कर.

दुकानात ऐकून बघायचं तर स्वतःची गाणी ने, ओळखीची. फक्त मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' नेऊ नकोस. तो मास्टरिंगमध्येच (प्रसिद्ध करण्याआधीच्या शेवटच्या ध्वनी-संस्कारातच) इतका दाबलाय की चांगल्या हेडफोनवरही फाटकाच वाटतो. एक वेगवान डबल बासचा तुकडा आणि एक सायट्रान्सचा, आळीपाळीने लाव. ठोके मोजता येतात का, रिफमधला तार घासल्याचा खरखरीत आवाज ऐकू येतो का, एवढंच बघ. आणि आवाज आधी कमी ठेव, कारण मोठ्या आवाजात सगळेच हेडफोन चांगले वाटतात.

चार तास रोज, हे वाचून काळजीही वाटली. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, आणि ९० डेसिबलला आठवड्याला फक्त ४ तास. माझ्या डाव्या कानात विशीपासून बारीक शिटी वाजते, रात्री शांततेत जास्त. बाहेरचा गोंगाट अडवणारा इयरफोन सुचवण्यामागे हेही कारण आहे, त्याच्यात आवाज वाढवायची गरजच कमी पडते.

फोनला ३.५ मिमीचा जॅक आहे की फक्त टाइप-सी, तेवढं कळव. जॅक नसेल तर डोंगल (टाइप-सीला ३.५ मिमीचा जॅक जोडणारा छोटा अडॅप्टर) लागेल आणि त्याचे पैसे याच ५ हजारांतून बाजूला काढावे लागतील.