फिरत्या व्हॅनमधून कुत्र्यांचं ग्रूमिंग करायचं तर दिवसाला किती बुकिंग घ्यावीत?

पुण्यात एक व्हॅन आणि एक मदतनीस घेऊन मी दिवसाला चारच घेते. खरा वेळ आंघोळीत नाही, वाळवण्यात जातो. शिह त्झूसारखं छोटं कुत्रं तास-दीड तासात होतं. गोल्डन रिट्रीव्हरला दोन तास द्याच, कारण आतले दाट केस ओले राहिले की त्वचा चिघळते. म्हणून केसाळ, मोठी कुत्री सकाळी. एका दिवशी एकच भाग: कोथरूडनंतर विमाननगर नको, वाहतुकीतच दुपार जाते. गोचिडाचं मानेवर टाकायचं औषध कधी लावलं, हे बुकिंग घेतानाच विचारा. दोन दिवस झाले नसतील तर पुढची तारीख द्या, नाहीतर आंघोळीत ते धुऊन जातं. क्लिपरचं, म्हणजे केस कापायच्या मशीनचं, ब्लेड अधूनमधून स्वतःच्या मनगटाला लावून बघा. तापलेलं ब्लेड मुक्या जिवाला भाजतं, आणि ते सांगू शकत नाही.